पान्हा आटल्यावर

सुव्यातल्या समाबुलाच्या चढावर बस थांबली आणि मागच्या बाकावर कुणाचं तरी तान्हं मूल रडू लागलं. वासितीने सवयीने मांडीवरची पिशवी छातीशी धरली, खांदे पुढे घेतले आणि ती थांबून राहिली. काहीच झालं नाही. मूल चांगलं टाहो फोडून रडत होतं. मधेच त्याचा श्वास अडकत होता आणि ऐकणाऱ्याचाही अडकावा अशी ती रडण्याची तऱ्हा होती. बसमधल्या दोन-तीन बायकांनी वळून पाहिलं. वासितीने पाहिलं नाही. ती आत, स्वतःच्या कातडीच्या आत कान देऊन बसली होती. आता काखेपासून ती कळ येईल, मुंग्या आल्यासारखं होईल, मग ऊब, मग ओल. बस चढ चढली, रडणं थांबलं, मुलाच्या तोंडात कुणी काही दिलं असावं. वासितीने पिशवी खाली ठेवली. जाबा, तो सैल लांब झगा, छातीपाशी कोरडा होता. छातीच्या जागी कुणी दुसऱ्याच बाईची छाती आणून ठेवावी आणि त्या छातीला आपलं नावगाव ठाऊक नसावं, तसं तिला वाटलं.

गेली अडीच वर्षं कुठलंही मूल रडलं की तिचं अंग आधी ऐकायचं आणि ती नंतर. बाजारात, देवळात, शेजारच्या घरातून भिंतीपलीकडून. एकदा साबणाच्या जाहिरातीतलं मूल रडलं, तेसुद्धा रेडिओवर, आणि तिला जाबा बदलायला घरी जावं लागलं होतं. एकदा तर मांजराचं पिल्लू. तिला लाज वाटायची, राग यायचा. हे असं कुणाच्याही हाकेला ओ देणारं शरीर घेऊन ती रेडिओच्या इमारतीत कामाला जायची, आणि वरच्या मजल्यावरच्या हिंदी विभागातली शिऊ कुमारी तिला म्हणायची, “बाई, तुझ्यासमोर शिंकायचीसुद्धा भीती वाटते. धार लागायची आणि आमच्या फाइली भिजायच्या.” तेव्हा ती हसायची. आता त्या लाजेची तिला आठवण येत होती. आपल्याला आपल्या लाजेची आठवण येते आहे, हे कुणाला सांगणार?

तिची मुलगी उना अंगावरून तुटली तेव्हा कुणी रडलंही नव्हतं. तिच्या नवऱ्याची, इनोकेची, थोरली बहीण उनाइसी चर्चच्या सभेसाठी ओवालाऊ बेटावरून सुव्याला आली होती. हिच्याच नावावरून मुलीचं नाव ठेवलेलं. एक नाव असलेली दोन माणसं एकमेकांना ‘याथा’ म्हणतात, आणि त्या शब्दात हक्कही असतो. उनाइसीने पाहिलं की अडीच वर्षांची, दात आलेली, पळणारी मुलगी मधेच खेळ टाकून येते, आईचा जाबा वर करते आणि उभ्याउभ्या पिते. ती हसली. “काय गं दाउवे, हिला आता शाळेत पण डब्यात हेच देणार आहेस?” नणंद-भावजय एकमेकींना दाउवे म्हणतात आणि त्यांना एकमेकींची हवी तेवढी थट्टा करायची मुभा असते. त्या मुभेनेच ती पुढे म्हणाली, “मी घेऊन जाते आठवडाभर. दिसली नाहीस की विसरेल. सगळ्यांची पोरं अशीच सुटली. माझ्या भावाला मीच सोडवलंय, विचार त्याला.” बोटीवर चढताना उना तिच्या खांद्यावर होती, हातात पावाचा तुकडा होता आणि ती मागे न बघता बोटीच्या भोंग्याकडे बघत होती. वासितीला वाटलं होतं, आपलं काळीज तुटेल. प्रत्यक्षात तिला हलकं वाटलं. आज कुणी आपल्याला उठवणार नाही, आपले हात आपल्याला मिळाले, असं वाटलं, आणि धक्क्यावरून परतताना तिने बाजारात थांबून एकटीने आइस्क्रीम खाल्लं. त्या आइस्क्रीमची चव तिला पुढे फार दिवस छळत राहिली.

मग छातीचे दगड झाले. दोन्ही बाजूंना दोन दगड, तापलेले, त्यांच्यावर निळ्या शिरा. हात वर केला की काखेपर्यंत ओरबाडल्यासारखं व्हायचं. शिऊ कुमारीने आपल्या परसातल्या कोबीची पानं गार करून आणून दिली. “आत ठेव. हसू नकोस. माझ्या सासूने मला दिली होती, तिला तिच्या सासूने.” दिवसभर ती कोबीचा वास अंगावर घेऊन मृत्यूच्या बातम्या वाचत राहिली. तिचं कामच ते होतं. बेटाबेटांवरून ज्यांच्या घरी माणूस गेलं असेल त्यांनी दिलेला मजकूर सकाळ-दुपार वाचायचा. कोण गेलं, कोणत्या गावचं, मागे कोण राहिलं, माती कधी. न्हाणीघरात गरम पाण्याखाली उभी राहिली की दूध आपोआप वाहायचं. पाण्यात पांढरी रेघ उठायची आणि जाळीतून निघून जायची. ती बघत राहायची. हे कुणाचंही नाही आता, असं तिच्या मनात यायचं. मग एका सकाळी रेघ उठली नाही. तिने दाबून पाहिलं. एक थेंब आला, पिवळसर, चिकट, जुन्या जखमेतून यावा तसा, आणि त्यानंतर काहीच आलं नाही.

आणि तिथून पुढे जे सुरू झालं त्याला तिच्याजवळ नाव नव्हतं. छाती ओसरली. पहिल्यासारखी झाली असती तरी तिने मानलं असतं. पण ती पहिल्याच्याही मागे गेली, वरचा भाग सपाट, खाली सैल कातडी. पालथं पडलं की बरगड्या जमिनीला लागायच्या. रविवारचा पांढरा जाबा समोरून असा लोंबला की तिने चर्चमध्ये गाण्याचं पुस्तक सबंध वेळ छातीशी धरून ठेवलं. केस फणीत गुंता होऊन यायला लागले. घामाला वेगळाच वास येऊ लागला. पंधरा-सोळा वर्षांची असताना यायचा तसा आंबूस, अनोळखी. पहाटे डोळे उघडायचे, पण उठायला काही कारण नसायचं. भाताचं भांडं घासता घासता ती रडायची आणि रडण्याला विषयच नसायचा. उनाची आठवण यायची म्हणावं, तर तेवढ्यापुरतं ते नव्हतं. कुणीतरी मेलं आहे आणि मजकूर मात्र कुणी आणून दिलेला नाही, असं काहीसं ते होतं.

इनोके बंदरावर माल उचलायचं यंत्र चालवायचा. शांत माणूस. मूल अंगावर असेपर्यंत नवऱ्याने बायकोजवळ जाऊ नये, नाहीतर मुलाच्या पायांत बळ येत नाही, असं गावाकडच्या बायका मानतात. आणि इनोके शहरात राहूनही ते पाळत बाहेरच्या खोलीत चटईवर झोपला होता. उना गेल्यावर काही दिवसांनी तो उशी घेऊन आत आला. दारात थोडा लाजल्यासारखा उभा राहिला आणि म्हणाला, “चला. आता तू परत माझी झालीस.” त्याने ते किती मायेने म्हटलं होतं, हे तिला कळत होतं. पण तिच्या अंगावर काटा आला. म्हणजे हे शरीर एकाकडून दुसऱ्याकडे जातं. मधे ते कुणाचंच नसतं, आणि तेवढ्यात आपण त्याच्यात राहतो. त्याचा हात खांद्यावरून खाली आला तशी ती आखडली. “दुखतंय अजून,” ती म्हणाली. दुखत नव्हतं. दुखत असतं तर बरं झालं असतं. इनोकेने हात काढून घेतला, तिच्याकडे पाठ करून झोपला नाही. छताकडे बघत पडून राहिला. “मी काही चुकीचं बोललो का?” त्याने विचारलं. “नाही,” ती म्हणाली.

आठवडा होऊन गेला, अजून एक गेला. उनाइसीचा फोन यायचा तो इनोकेच्या फोनवर. “राहू दे थोडे दिवस. रमलीय. पोहायला लागली बघ, कुत्र्यासारखे हात मारते.” मागून कोंबड्या, लाटा, मुलांचा आरडाओरडा. उना फोनवर यायची नाही, तिला फोनपेक्षा बाहेर जास्त काम असायचं. एकदा फोन ठेवल्यावर इनोके म्हणाला, “ताई म्हणत होती, ठेवूनच घेऊ का म्हणून. शाळेत जायच्या वयाची होईपर्यंत.” मग तोच पुढे म्हणाला, “म्हणजे, मी नाही का माझ्या याथाकडे वाढलो? माझ्याच नावाचा काका होता माझा. काय बिघडलं माझं? आणि ताईला... तुला माहीत आहे.” तिला माहीत होतं. उनाइसीला मूल झालं नव्हतं. नवरा वारला होता. “तू ठरव,” इनोके म्हणाला. “आई तू आहेस.” या शेवटच्या वाक्याने तिला धरायला काहीतरी मिळायला हवं होतं. पण आई म्हणजे कुठे, शरीरात नेमकं कुठे, असा प्रश्न तिला पडला, आणि तिचा हात आपोआप छातीकडे गेला आणि रिकामा परत आला.

बसमध्ये ते मूल रडलं त्या दिवशी दुपारच्या बातम्यांत लाऊ बेटसमूहातल्या कुठल्याशा बेटावरची एक म्हातारी होती. खूप नातवंडं, पतवंडं. वासिती सरावाने वाचत होती. आवाज सपाट ठेवायचा, नावं स्पष्ट घ्यायची, ऐकणाऱ्याला रडू येईल ते त्याच्या घरी. मजकुराच्या शेवटी घरच्यांनी एक ओळ घातली होती: हिने आपली आठ आणि बहिणीची तीन मुलं अंगावर पाजली. वासितीने ‘अंगावर’ म्हटलं आणि पुढचा शब्द आला नाही. काचेपलीकडच्या तंत्रज्ञाने मान वर केली. बेटाबेटांवर, स्वयंपाकघरांतून, टपरीवजा दुकानांतून, होड्यांमधून लोक त्या म्हातारीच्या अर्ध्या ओळीपुढची शांतता ऐकत होते. तंत्रज्ञाने घाईघाईने एक भजन लावलं. ती बाहेर आली तेव्हा शिऊ कुमारी जिन्यात उभी होती. तिने वरच्या मजल्यावर ऐकलं होतं. आज तिने थट्टा केली नाही.

“पोर कुठेय?” तिने विचारलं.

“अजून तिकडेच.”

“मग इथे काय करतेयस?”

“तिला माझी गरज नाही आता, शिऊ. मला दूधच नाही.”

शिऊ कुमारीने तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने एखादा अश्लील शब्द उच्चारला होता. “माझ्या मोठ्या मुलाला तिशी उलटली,” ती म्हणाली. “अजून दर रविवारी जेवायला येतो आणि मीठ कमी आहे म्हणतो. जा. साहेबांना मी सांगते.”

घरी येऊन तिने पिशवी भरली. स्वतःचे दोन जाबा, एक टॉवेल. मग उनाच्या खणाशी बसली आणि एकेक फ्रॉक काढून घडी करू लागली. सगळे. थंडीतला लोकरीचा, वाढदिवसाचा, चड्ड्या, छोटी टोपी. आणायला जायचं तर कपडे न्यायचे कशाला, हे तिला कळत नव्हतं असं नाही. ती तो प्रश्न बाजूला सारून घड्या घालत राहिली. इनोके दारात येऊन उभा राहिला, त्याने पिशवी पाहिली, तिच्याकडे पाहिलं आणि खाली बसून तिच्या हातातला एक फ्रॉक घेऊन तोही घडी घालू लागला. त्याची घडी वाकडी झाली. तिने ती मोडून परत घातली.

नातोवीच्या धक्क्यावरून ओवालाऊची बोट सुटली तेव्हा ऊन पांढरं होतं. मधल्या पाण्यात बोट हलायला लागली आणि तिच्या ओटीपोटात ओढ लागली. आधी तिला वाटलं, बोट लागली. मग कंबरेतून खाली उतरणारी ती जुनी, जड, विसरलेली कळ आली. बोटीच्या अरुंद संडासात, एका हाताने भिंतीचा गज धरून, तिने रक्त पाहिलं. तीन वर्षांत पहिल्यांदा. तिच्याजवळ काहीच नव्हतं. उनाच्या कपड्यांतला मऊ जुना पंचा काढून तिने घडी करून घेतला. बाहेर येऊन ती कठड्याशी उभी राहिली. म्हणजे शरीर मेलं नव्हतं. ते तिला न विचारता पुढच्या कामाला लागलं होतं. वर दुकान बंद केलं आणि खाली उघडलं, असं मनात येऊन तिला हसू आलं, आणि हसता हसता तिला स्वतःचा इतका राग आला की शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, “बरं नाही का बाळ?” “बरं आहे,” ती म्हणाली. त्याने सोललेलं संत्रं पुढे केलं. तिने दोन फोडी घेतल्या.

गावात पोचली तेव्हा उनाइसीच्या घरी चटईवर तिघी-चौघी बायका बसल्या होत्या. वासिती दाराशी वाकून आत आली, बसली, सगळ्यांनी तिला नीट बघून घेतलं. “दाउवे, सुव्यात मासे महाग झाले की तूच उन्हात वाळत पडली होतीस?” उनाइसी म्हणाली आणि सगळ्या हसल्या. वासितीही हसली. तेवढ्यात मागच्या दारातून उना आली. काळीभोर झाली होती, केसांत वाळू, अंगावर फक्त चड्डी. तिने वासितीला पाहिलं. ती ओळखून थांबली, हे नक्की. मग तिला खोलीच्या पलीकडे उनाइसीकडे जायचं होतं, आणि मधे वासिती बसली होती. उना कंबरेत वाकली, एक हात जमिनीकडे सोडला आणि “तिलोऊ, तिलोऊ,” म्हणजे ‘माफ करा’ असं पुटपुटत, बसलेल्या पाहुण्यांसमोरून जावं तशी अदबीने तिच्यासमोरून गेली. बायका कौतुकाने हसल्या. किती छान शिकवलंय. उना याथाच्या मांडीआड जाऊन बसली आणि तिथून आईकडे बघू लागली. वासितीने हात पुढे केला. “ये.” उनाने मान हलवली. नाही.

संध्याकाळी बायका गेल्यावर उनाइसीने पिशवीतले कपडे वारा लागायला म्हणून बाहेर काढायला घेतले. ती काढतच राहिली. लोकरीचा फ्रॉक हातात घेऊन ती थांबली. तिचा चेहरा आधी उजळला, हे वासितीने पाहिलं. दिवा वर केल्यासारखा उजळला तो. आणि मग लगेच, कुणी फुंकर मारावी तसा विझला.

“हे एवढे सगळे कशाला आणलेस?”

“लागतील म्हणून.”

“कुणाला?”

उनाइसीने फ्रॉक पिशवीत कोंबला, बाकीचेही कोंबले, घड्या मोडल्या. “उद्या ओहोटीला जाळं टाकायला जायचंय,” ती म्हणाली. “तूही चल. घरात बसून काय करशील.” झोपताना उना याथाच्या कुशीत होती आणि पाठमोऱ्या त्या दोन एकनावाच्या आकृती वासितीला चटईच्या दुसऱ्या टोकावरून दिसत होत्या.

सकाळी ओहोटी लागली तशा गावातल्या बायका प्रवाळाच्या कडेपर्यंत चालत गेल्या. दोघींनी जाळ्याची टोकं धरली, बाकीच्यांनी अर्धगोल करून पाण्यावर हात आपटत माशांना हाकायचं. वासितीला लहानपणी हे येत होतं. पायांना आठवत होतं. पाणी आधी गुडघ्याला, मग मांडीला, मग कमरेला लागलं. जाबा फुगला आणि मग भिजून अंगाला चिकटला. तिने घाईने हात आडवे घेतले. मग पाहिलं, तर सगळ्यांचेच चिकटले होते. एकीची छाती पोटापर्यंत ओघळलेली, एकीची एकीकडे मोठी आणि दुसरीकडे लहान, एका अगदी म्हातारीची तर नव्हतीच जवळजवळ, दोन सुरकुत्या आणि मधे हाड. लाट आली की सगळ्या ओरडायच्या, एकमेकींना शिव्या द्यायच्या. “ए, जाळं वर घे, तुझ्या नवऱ्यासारखं सोडून देऊ नकोस!” कुणीच कुणाकडे बघत नव्हतं, सगळ्या पाण्याकडे बघत होत्या. वासितीने हात खाली घेतले. पाणी थंड होतं आणि कातडीला ते कळत होतं. तिने पाण्यावर हात आपटला. चांगला आवाज आला.

मासे ओढून झाल्यावर उनाइसी तिच्याजवळ आली. दोघी उथळ पाण्यात उभ्या. किनाऱ्याजवळ उना इतर मुलांबरोबर काठीने खड्ड्यांतले खेकडे उचकत होती.

“पहिल्या दिवशी तिने शोधलं,” उनाइसी म्हणाली. आवाजात थट्टा नव्हती. “सुथू, सुथू करत, दूध मागत, माझा जाबा वर केला. मी करू दिला. तोंड लावलं तिने. मग माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, इथे नाही गं याथा, इथे कधीच नव्हतं. खूप रडली. मग झोपली.” ती थांबली. “त्यानंतर रोज माझ्याजवळ झोपते. काय मिळतं म्हणून झोपते? सांग ना. तू शिकलेली आहेस, रेडिओवर बोलतेस.”

“दाउवे...”

“मला ती हवी आहे,” उनाइसी म्हणाली. “तुला माहीत आहे. इनोकेला माहीत आहे. सगळ्या गावाला माहीत आहे. तू भांडायला आली असतीस तर मी भांडले असते, आणि बहुतेक जिंकलेही असते. पण तू कपडे घेऊन आलीस. भांडं रिकामं झालं म्हणून आणून ठेवल्यासारखी स्वतःला आणून ठेवलीस इथे. मी अशी घेणार नाही कुणाची पोर.”

तेवढ्यात किनाऱ्याकडून किंकाळी आली. उना प्रवाळाच्या धारेवर घसरली होती. दोघी धावल्या, पाण्यातून धावताना पाय उचलत नाहीत, स्वप्नात धावावं तसं होतं. उना एका पायावर लंगडत, रक्ताळलेला तळवा वर धरून समोरून येत होती, आणि तिचे हात सरळ उनाइसीकडे होते. “याथा! याथा!” उनाइसीने तिला उचललं, तळवा पाहिला, समुद्राच्या पाण्यात बुडवला. खोल नव्हतं. मग तिने मुलीचे हात आपल्या मानेवरून सोडवले. ते सोडवताना तिला किती जोर लावावा लागला! तिने उनाला वासितीच्या हातांत दिलं आणि वळून जाळ्याकडे चालू लागली. चालताना तिने एकदाही मागे पाहिलं नाही.

उनाने आकांत मांडला. ती मागे वाकली, लाथा मारू लागली, ओल्या मुठींनी वासितीच्या छातीवर मारू लागली, जिथे सापडेल तिथे. “नको! तू नको! याथा!” वासिती ओल्या वाळूत बसली. मुठी लहान होत्या पण हाडावर लागत होत्या. मांसाची गादी उरली नव्हती. दुखत होतं. फार दिवसांनी त्या जागी काहीतरी होत होतं आणि ते दुखत होतं. पूर्वी अशा वेळी तिच्याजवळ एक उपाय असायचा. पडली, दचकली, दुखलं, रागावली, की जाबा वर. की सगळं शांत, तिलाही विचार करावा लागायचा नाही. आता तिच्याजवळ तो उपाय नव्हता. समजावायला शब्द नव्हते, असते तरी उनाने ऐकले नसते. द्यायला काहीच नव्हतं. आणि तरी हात सुटत नव्हते. ती धरून राहिली. “मार,” ती म्हणाली. “मार, मी आहे इथे. मीच पाठवलं तुला. मार.” उनाने मारलं. तिने चावलंही, खांद्यावर, तेच सगळे नवे दात. वासिती रडत होती आणि रडण्याला आज विषय होता. कुणीतरी म्हातारी वेलीचा पाला चुरून घेऊन आली, तळव्यावर दाबला, काही न बोलता गेली. हळूहळू मुठी मंदावल्या. उनाचं रडणं हुंदक्यांवर आलं, मग उचक्यांवर. ती सैल पडली. तिने आपणहून मिठी मारली नाही. फक्त सोडवून घ्यायचं थांबवलं, आणि तिचं तापलेलं, खारट डोकं आईच्या गळ्याच्या खळीत येऊन टेकलं. भरती परत येऊ लागली होती. पाणी पायांपर्यंत आलं तरी वासिती उठली नाही.

दुपारी उनाइसीने कपड्यांची पिशवी पुन्हा काढली. या वेळी एकेक फ्रॉक मांडीवर पसरून तिने हळूहळू घड्या घातल्या आणि परत भरल्या. एक पिवळा, बाहीपाशी उसवलेला, बाजूला ठेवला. “हा ठेवते,” ती म्हणाली. “तिला लहान झालाय.”

तो लहान झाला नव्हता. “हो,” वासिती म्हणाली. “लहानच झालाय. सुट्टीत आम्ही येऊ. ती पोहणं विसरायला नको.”

“विसरली तर तुला बुडवीन,” उनाइसी म्हणाली, आणि दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही.

जेवायला सकाळचेच मासे होते, नारळाच्या रसात शिजवलेले, आणि उकडलेला कसावा. उना नेहमीप्रमाणे याथाच्या शेजारी जाऊन बसली. उनाइसीने ताट वाढलं, ते वासितीसमोर ठेवलं आणि उठली. “तू भरव. मला जाळं धुवायचंय.” जाळं सकाळीच धुवून वाळत घातलेलं दारातून दिसत होतं. ती त्याच्याकडे चालत गेली आणि ते खाली काढून पुन्हा धुवायला बसली.

चटईवर दोघीच उरल्या. उनाने दाराकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं. पायाला पाल्याची पट्टी होती. ती धरून, एका कुल्ल्यावर सरकत सरकत ती जवळ आली, पण हात लागेल इतकी नाही. वासितीने मासा उलगडला. बारीक काट्यांचा मासा होता. तिने बोटांच्या टोकांनी मांस चाचपून, दाबून, एकेक काटा ओढून काढला, केसासारखे पातळ काटे ताटाच्या कडेला लावले, कसाव्याचा तुकडा रसात बुडवून त्यावर मासा ठेवला आणि घास पुढे धरला. उनाने तो नीट तपासला. मग खाल्ला. चावताना ती आईच्या बोटांकडे बघत होती. दुसरा घास तिने पुढे सरकून घेतला. तिसऱ्याला तर वासितीची बोटं अजून माशातच होती, तेवढ्यात गुडघ्यावर हात टेकून, मान उंच करून, तिने तोंड उघडलंसुद्धा.

“थांब,” वासिती म्हणाली, “काटा आहे.”

उना तोंड उघडं ठेवून थांबली.